पंचांगाशेजारी भरतीची वेळ पण छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाचकांचे पावसाळी फोटो छापलेत, ते पान बघून लिहितोय. एकूण बारा फोटो, त्यातले अकरा घाटातले धबधबे, आणि समुद्राचा फक्त एक. त्या एका फोटोतलं आकाश कसलं, तर हापूसच्या फोडीसारखं केशरी. खाली वाळू ओलीचिंब, माणसाच्या डोक्यावर छत्री, माड वाऱ्यानं एका अंगाला वाकलेले, आणि वर डिसेंबरातला सूर्यास्त! बरं, ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब पडतं ना, ते मात्र राखाडी. म्हणजे ॲपनं आकाश बदललं आणि वाळू बदलायची राहून गेली. ज्यांनी पाठवला त्यांच्यावर माझा राग नाही, कारण तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः असल्याच केशरी आकाशाच्या आशेनं चांगले पैसे खर्चून कोकणात गेलो होतो, ते पण भर आषाढात, आणि सहा दिवसांत सूर्य मला सगळा मिळून वीस मिनिटं दिसला असेल.

आषाढात कोकणात कॅम्पर व्हॅन घेऊन कोण जातं, हे आमच्या घरात पण विचारून झालं. माझं म्हणणं असं की नोकरीतून मोकळा होऊन वर्ष झालंय, कॅमेऱ्याचा नाद तीस वर्षांचा आहे, पावसाळ्यात गाडीचं भाडं कमी पडतं, आणि भाचा चालवायला तयार आहे, मग हरकत काय. बायकोनं हरकती सांगितल्या, त्या इथे लिहीत नाही, सगळ्या खऱ्या ठरल्या. गाडी म्हणजे सतरा सीटरच्या सांगाड्यावर बांधलेलं एक छोटं घर, मागं पलंग, मधे ओटा आणि नळ, खाली पाण्याची टाकी, आणि टपावर सोलर पॅनल, जे सहाही दिवस निव्वळ शोभेला होतं. ताम्हिणी उतरून माणगाववरून हरिहरेश्वर, बागमांडल्याहून जेटीनं (म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं) वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, पुढे दाभोळ ते धोपावे परत जेटी, गुहागर, हेदवी, तवसाळहून जयगड, आरे-वारे, रत्नागिरी आणि आंबा घाटानं वर, असा बेत. ज्यांनी हा सागरी रस्ता केलाय त्यांना माहिती आहे की अंतरं कागदावर दिसतात तेवढीशी आणि गाडीत बसलं की संपत नाहीत.

पहिले दोन दिवस मी नुसता चिडचिड करत होतो. पहाटे साडेपाचला उठायचं, ट्रायपॉड खांद्यावर टाकायचा, किनाऱ्यावर जायचं, समोर काय तर एक सलग करडा पडदा, क्षितिज कुठाय तेच कळत नाही. त्यात पहिल्याच पहाटे मोठा मूर्खपणा केला. रात्रभर कॅमेरा एसीत ठेवलेला, तो तसाच बाहेर काढला, आणि लेन्सवर अशी वाफ धरली की पंधरा मिनिटं काहीच दिसेना. कोकणातली हवा दमट, थंड काच बाहेर आली की त्यावर पाणी धरणारच, हे मला तीस वर्षांत कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आधी अर्धा तास बाहेरच्या हवेला ठेवायचा आणि मग पिशवी उघडायची, असं सुरू केलं, मग त्रास नाही. बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या असतात ना सिलिका जेलच्या, त्या बायको वर्षानुवर्षं साठवते आणि मी वर्षानुवर्षं हसतो, त्या सगळ्या बॅगेत भरल्या होत्या म्हणून लेन्सला बुरशी धरली नाही. आणि समुद्राकडून वारा असला की लेन्सवर मिठाचा बारीक तवंग बसतो, तो कोरड्या फडक्यानं पुसायचा नाही, त्यात वाळूचा कण असला तर काचेवर ओरखडा कायमचा. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं हलकं फिरवायचं, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय पण रोज गोड्या पाण्यानं धुवायचे नाहीतर सांधे धरतात. यावरून टाकीतलं पाणी कुणासाठी, चहासाठी की तीन पायांसाठी, असा रोज वाद झाला आणि रोज मी हरलो, शेवटी पागोळ्यांखाली बादली लावली.

तिसऱ्या दिवशी हर्णैला मात्र काहीतरी हललं. हर्णैचं बंदर एरवी म्हणजे मासळीचा लिलाव, आरडाओरडा, बैलगाड्या, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्यामुळे सगळं चिडीचूप. होड्या वर ओढून ठेवलेल्या, काही माडाच्या झापांनी शाकारलेल्या, काहींवर निळ्या ताडपत्र्या आणि त्यावर टायर ठेवलेले वारा लागू नये म्हणून. मागं सुवर्णदुर्ग पावसात येतोय जातोय, मधेच तटाची एक काळी रेघ दिसते, मधेच काहीच नाही. मी गाडीच्या दारात बसलो होतो, वरचा छज्जा उघडलेला, हातात चहा, आणि करायला काहीच नाही म्हणून बघत बसलो. तासभर बघितल्यावर लक्षात आलं की ज्याला मी करडं करडं म्हणून शिव्या देतोय त्यात चांगले सात-आठ करडे आहेत. पाण्याचा वेगळा, सरीचा वेगळा, लांबच्या डोंगराचा वेगळा, आणि त्या सगळ्यात ताडपत्रीचा निळा रंग असा उठून दिसतो की उन्हात तसा कधीच दिसला नसता. उन्हात कसं होतं, निम्मं चित्र झगझगीत आणि निम्मं काळं. ढग असले की सगळीकडे सारखा मऊ उजेड, भिजलेला जांभा तर असा गडद तांबडा होतो की जसं काही जुनं कौल. फक्त पानांवर आणि कातळावर पाण्याची चकाकी असते ती रंग खाते, तिथे पोलरायझर फिल्टर फिरवला की हिरवा रंग खालून वर येतो. आणि कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर ढगाळ आकाश बघून फसतं, त्याला वाटतं फार उजेड आहे, मग खालची वाळू काळीमिट्ट, म्हणून थोडं एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा उजेड, वाढवून घ्यायचं. नवशिक्यांना हे सांगायलाच पाहिजे, कारण पावसातले फोटो वाईट येतात असं म्हणून जे कॅमेरा कपाटात ठेवतात त्यांचं निम्मं कारण हेच असतं.

व्हॅनचा खरा उपयोग मला तिथे कळला. लोकांना वाटतं व्हॅन म्हणजे फिरायला. अहो, फिरायला आपली नेहमीची गाडी बरी, कुठल्याही बोळातून जाते. व्हॅन असते ती थांबायला. लॉजवर उतरलं की पाऊस बघून माणूस पांघरूण ओढून झोपतो, आणि पाऊस दहा मिनिटं उघडतो तेव्हा आपण आंघोळीला गेलेलो असतो. गाडीत झोपलं की समुद्र समोरच, काच पुसायची आणि बघायचं. दाभोळच्या जेटीवर आम्ही तीन तास थांबलो, मधे वारं वाढलं म्हणून फेरी थोडा वेळ बंद होती, आणि त्या तीन तासांत वासिष्ठीचं चहाच्या रंगाचं गढूळ पाणी आणि बाहेरचं हिरवट खारं पाणी यांच्यामधली ती वेडीवाकडी रेघ कशी सरकते ते बघितलं. तो फोटो माझ्या मते या सगळ्या ट्रिपमधला दोन नंबरचा. भाचा म्हणाला मामा यात आहे काय, दोन प्रकारचं पाणी. म्हटलं बरोबर, तेच आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय.

चौथ्या दिवशी गुहागर तालुक्यातल्या एका गावात (नाव लिहीत नाही, चूक गावाची नाही आमची होती) सकाळी सातच्या सुमाराला पोचलो. रस्ता जिथे संपतो तिथे सुरूची झाडं आणि त्यापुढे वाळूचा एक पट्टा, वरून अगदी घट्ट दिसणारा. पाणी चांगलं लांब होतं. मी भाच्याला म्हटलं घे अजून थोडी पुढे, म्हणजे दारातूनच फ्रेम मिळेल, मधे झाडं नकोत. तो म्हणाला मामा नको, मी म्हटलं घे रे. घेतली. मग पोहे झाले, दुसरा चहा चढवला, नऊ वाजले असतील, तेवढ्यात डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेले एक आजोबा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "काय पाव्हणे, आज तिथी कोणती?"

मला वाटलं आजोबांना उपास-बिपास बघायचा असेल. मी मोबाईल काढला तर रेंज नाही. आतून बायको म्हणाली, उद्या अमावास्या म्हणजे आज चतुर्दशी. तिला पाठ होतं कारण दिव्यांच्या अवसेला आपण घरी नाही, दिवे पुजायचे राहणार, हे ती पुण्यातून निघाल्यापासून ऐकवत होती. आजोबा म्हणाले, "मग चौदाची पाऊणपट करा." ती शाळेत शिकवते, तिनं लगेच सांगितलं साडेदहा. "हां. साडेधा वाजता पाणी त्या सुरूच्या मुळाला लागतं, उद्याची अवस, उधाणाचं पाणी आहे. आणि तुम्ही च्या पिताय."

मी वळून बघितलं तर लांबचं पाणी लांब नव्हतं. भाच्यानं स्टार्टर मारला, मागचं चाक एकदा फिरलं आणि चांगलं वीतभर खाली गेलं. अजून रेस दिली, अजून खाली. पायपुसणी घातली, गाडीतली योगा मॅट घातली, ती चाकानं उडवून मागं भिरकावली, मी ढकलायला गेलो तर तोंडभर वाळू. आजोबांनी तोपर्यंत वाडीतून ट्रॅक्टर आणि पाच-सहा पोरं बोलावली होती. पुढच्या चाकाला फेस लागायला लागला तेव्हा दोर बांधत होते. चार टन वजनाची गाडी वाळूतून निघताना जो आवाज करते तो मी आयुष्यात विसरणार नाही. दहाच्या आत आम्ही डांबरावर होतो, आणि साडेदहाला, घड्याळ लावून सांगतो, आमच्या चाकांच्या खड्ड्यांवरून लाट जाऊन सुरूच्या मुळाशी फुटली. आजोबांनी एक पैसा घेतला नाही, ट्रॅक्टरवाल्या पोरानं फक्त डिझेलचे घेतले. आजोबा एवढंच बोलले की वर्षातून एक-दोन तरी गाड्या आम्ही अशा ओढतो, आणि वाळूत गाडी घालणारा प्रत्येक जण सांगतो की पाणी लांब होतं. हा सगळा प्रकार चालू असताना मला एकही फोटो काढायचं सुचलं नाही. भाच्यानं मात्र रील बनवलं, त्याला माझ्या तीस वर्षांतल्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त लाइक्स आहेत.

नंतर ओटीवर बसवून आजोबांनी नीट समजावलं. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर बारा-साडेबारा तासांनी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, गावागणिक थोडा फरक पडतो, पण गाडी कुठे लावावी एवढं कळायला पुरतं. मागचं कारण पण सोपं आहे, चंद्र रोज जवळपास पाऊण ते एक तास उशिरा येतो, पाणी त्याच्या मागं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं. मी कोब्रा माणूस, आजोळ दापोलीजवळचं, लहानपणी माझे आजोबा पण असलं काही बोटांवर मोजायचे हे आठवतंय, पण कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर योगा मॅट वाचली असती.

आणि याच हिशोबानं मला ट्रिपमधला एक नंबरचा फोटो मिळाला. दुसऱ्या दिवशी हेदवी. तिथे उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात बामणघळ आहे, अरुंद लांब भेग, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि जागा संपली की सरळ वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते, लोक बघून म्हणतात यात काय आहे आणि परत जातात, मागे एकदा आम्ही पण तसेच गेलो होतो. या वेळी बायकोनं सांगितलं पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा, आपण साडेदहाला तिथे पाहिजे. गेलो. कातळावर शेवाळ, पाऊस चालू, त्यामुळे घळीच्या तोंडाशी जायचा प्रश्नच नाही, तिथून माणसं वाहून जातात, मी देवळाच्या अंगानं लांब थांबून मोठ्या लेन्सनं काढलं. अकराच्या पुढे पाणी असं उडायला लागलं की आधी जमिनीच्या पोटात धाप्पकन आवाज, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग पांढरा खांब. आवाज आणि खांब यांच्यामधला तो क्षण मोजायचा आणि शटर दाबायचं. चाळीसेक वेळा चुकलो. एक आलाय त्यात खांबाच्या वरचं टोक वाऱ्यानं देवळाकडे झुकलंय आणि मागं आकाश आहे तसंच, धुतलेल्या पाटीसारखं. केशरी असतं तर तो पांढरा खांब दिसलाच नसता हो!

तर संपादक महाशय, मागणी अशी. तुम्ही रोज पंचांग छापता, तिथी छापता, राहुकाळ पण छापता. मुंबईच्या आवृत्तीत पावसाळ्यात भरतीच्या वेळा आणि साडेचार मीटरच्या वर भरती असली तर इशारा येतो, माझी बहीण दादरला असते तिच्याकडे बघितलंय. आमच्या पुण्याच्या आवृत्तीत येत नाही, कारण पुण्यात समुद्र नाही. पण शनिवार-रविवारी कोकणात गाड्या कुणाच्या असतात? एम एच १२ आणि एम एच १४ च्या, जेटीच्या रांगेत मोजून बघा. समुद्राकाठच्या माणसाला भरतीची वेळ सांगावी लागत नाही, सांगावी लागते ती आम्हाला. तेव्हा जून ते सप्टेंबर तरी त्या पंचांगाच्या चौकटीत एक ओळ वाढवा, रत्नागिरीची भरती इतक्या वाजता, ओहोटी इतक्या वाजता. बोटभर जागा लागेल. जागा नसेल तर राहुकाळ काढा, असं मी म्हणत नाही, पण विचार करा.

जाता जाता अजून एक, फार लांबवत नाही. राज्यानं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्या उभ्या करायला कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. आम्ही गेलो त्या रस्त्यावर आम्हाला तरी असं कुठे दिसलं नाही की गाडी डांबरावरून उतरवून पक्क्या जागी लावावी, नळाला पाणी घ्यावं, संडासची टाकी रिकामी करावी आणि समोर समुद्र असावा. आरे-वारेच्या वळणावर एवढा सुंदर देखावा, दोन्ही किनारे एका नजरेत, पण थांबायचं कुठे, मागून एसटी हॉर्न मारत येते. मग जागा नाही म्हणून माणूस वाळूत घुसतो. मी घुसलो त्याचं खापर धोरणावर फोडत नाही, माझा गाढवपणा होता, पण चार-पाच ठिकाणी जांभ्याची फरसबंदी करून जागा केली तर पुढच्याचा वाचेल.

सोबत बामणघळीचा फोटो जोडलाय, पुरवणीत छापायचा तर छापा, नाही छापलात तरी चालेल. एकच विनंती, छापताना रंग उजळू नका. आणि बायकोनं खाली लिहायला सांगितलंय की दिवे आम्ही गाडीतच पुजले, कणकेचे केले होते, ओट्यावर, बाहेर पाऊस पडत होता. त्याचा फोटो काढायला मी विसरलो.

आपला एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे